खिडकीतले हिरवे झाड आणि माझे १,११५ डॉलर

आधी आकडा सांगते. १,११५ डॉलर, म्हणजे त्या दिवसाच्या दराने सुमारे ९५ हजार रुपये. त्यांतले ६४० भाडे, ४०० अनामत आणि ७५ साफसफाई व किल्लीचे. हे पैसे मी बफेलो शहरातल्या एका खोलीसाठी, कधीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या एका ‘ताई’ला दिले.

अमेरिकेत शिकणाऱ्यांना ठाऊकच आहे की नाताळच्या सुट्टीत अनेक वसतिगृहे बंद होतात. आमचे २० डिसेंबर २०२४ रोजी दुपारी बाराला बंद होऊन १२ जानेवारीला उघडणार होते. डिसेंबरातले मुंबईचे तिकीट मला परवडणारे नव्हते. शिवाय एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला वीसच तास काम करता येते आणि सुट्टीत ती मर्यादा सुटते, म्हणून प्रयोगशाळेत पूर्णवेळ काम करायचे मी ठरवले होते. विद्यापीठाने सुट्टीपुरती खोली रात्रीला ३५ डॉलरने देऊ केली होती. तेवीस रात्रींचे ८०५ झाले असते. मी भाड्यातले १६५ डॉलर वाचवायला गेले. शैक्षणिक कर्जाचे व्याज चालू असलेल्या मुलीने एवढा हिशेब करणे ज्यांना हावरेपणा वाटतो, त्यांनी खुशाल हसावे.

पुढची फसवणुकीची पद्धत नेहमीचीच. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली, मी विचारणा केली आणि दहा मिनिटांत उत्तर मराठीत आले. ती नाशिकची होती, बहिणीच्या लग्नाला निघाली होती, आणि खोली रिकामी ठेवण्यापेक्षा ‘आपल्या मुलीला’ द्यावी असे तिला वाटत होते. मी करारनाम्याचा विषय काढला तेव्हा तिने लिहिले, “अगं, आपल्या माणसांत करारबिरार कशाला?” परक्या गावात चार महिने इंग्रजीत बोलून जीभ थकलेली असताना हे ‘अगं’ काय करते, ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही.

तिने खोलीचा व्हिडिओ पाठवला. पलंग, टेबल, गॅसची शेगडी, आणि शेवटी खिडकी. खिडकीबाहेर पानांनी गच्च भरलेले हिरवेगार मेपलचे झाड होते. मी हा व्हिडिओ १२ डिसेंबरला पाहत होते. माझ्या स्वतःच्या खिडकीबाहेर झाडांचे नुसते खराटे उभे होते आणि रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते. ते झाड मी पाहिले, ‘किती छान आहे’ असे मनात म्हणाले, आणि व्हिडिओ आईला पाठवला. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. दुसरी खूण पैसे पाठवताना दिसली. पडद्यावर आलेले नाव तिचे नव्हते, एका पुरुषाचे होते. “मावसभावाचे खाते आहे,” असे ती म्हणाली आणि मी बटण दाबले. पैसे घेणाऱ्याचे नाव जुळत नसेल, तर नाते कितीही जवळचे सांगितले तरी तिथेच थांबा.

२० तारखेला दोन बॅगा ओढत त्या पत्त्यावर गेले. घर खरे होते. दार उघडणाऱ्या वयस्कर बाईंनी माझ्याकडे न पाहता आधी बॅगांकडे पाहिले आणि सांगितले की याच आठवड्यात आलेली मी तिसरी. ज्या शहरात २०२२ च्या नाताळातल्या हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसे दगावली, तिथे मी संध्याकाळी पदपथावर उभी होते. दोन रात्री मोटेलमध्ये काढल्या (१८४ डॉलर, ते वेगळेच), मग एका तेलुगू वर्गमैत्रिणीने सोफा दिला.

बँकेने पाऊण तास फोनवर थांबवून ठेवले आणि सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले असल्यामुळे व्यवहार अधिकृत ठरतो. खाते कोणी चोरून वापरले असते तर कायद्याचे संरक्षण होते. मी फसून स्वतःच्या बोटाने दिले, म्हणून ते नाही. मी वापरलेल्या झेल या अमेरिकी सेवेवरून गेलेले पैसे आपल्या यूपीआयसारखे क्षणात पोचतात, त्यामुळे अनोळखी माणसाला ते रोख देण्यासारखेच आहे. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. ज्या माणसाचे नावच खोटे आहे, त्याच्यावर मी दिवाणी दावा कसा लावायचा, हे मी विचारले, तर ऑनलाइन अर्ज भरा असे उत्तर मिळाले. अर्ज भरला, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे तक्रार जरूर नोंदवा, पण ते वैयक्तिक प्रकरण सोडवत नाहीत. आणि ज्या कार्यालयाच्या भिंतीवर ‘आम्ही तुमचे दुसरे घर’ असे लिहिले आहे, त्या आमच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून एवढाच स्वयंचलित निरोप आला की कार्यालय २ जानेवारीला उघडेल. म्हणजे वसतिगृहही बंद आणि मदतही बंद, एकाच दिवशी! वर्षभर शुल्काची स्मरणपत्रे पाठवणाऱ्यांना सुट्टीतला एक फोन क्रमांक चालू ठेवणे जमत नाही.

घर कोणाच्या नावावर आहे ते बहुतेक काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) संकेतस्थळावर फुकट पाहता येते. मी ते नंतर पाहिले. खोली थेट व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, आणि खिडकीपाशी नेऊन बाहेरचा रस्ता दाखवायला लावा. विद्यापीठाच्या सुट्टीतल्या खोलीसाठी नाव नोंदवायची मुदत आमच्याकडे १ डिसेंबरला संपली होती, तेव्हा तो ईमेल न वाचता पुढे ढकलू नका.

या मे महिन्यात तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने पुन्हा फिरतो आहे. भाडे आता ७२० डॉलर आहे, आणि ते हिरवे झाड सध्याच्या ऋतूला अगदी शोभते, त्यामुळे ओळखायची तेवढी खूणही उरलेली नाही.