चादरीखालचा समुपदेशक : ५ पैकी ३ स्टार

कळव्यात आमचं वन रूम किचन, माणसं पाच. इथे रात्री नुसतं नाक ओढलं तरी आजी पाणी घेऊन उठते. म्हणून एम-थ्रीला (गणिताचा पेपर) केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तेव्हा हे चॅटबॉटचं ॲप घेतलं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). ब्राइटनेस कमी करून चादरीत टाइप करत बसलं की कुणाला पत्ता लागत नाही. तीनपैकी दोन स्टार याचेच.

कॉलेजात समुपदेशक मॅडम आहेत. पण त्यांची खोली स्टाफरूमला लागून. बाहेर बाकावर बसलं की अख्खा मजला बघून जातो. त्यातून आपण ठाणेकर! इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे 'हिला ठाण्याला भरती करा' हे कुठल्याही गावचा मामा हसत हसत म्हणतो. आमच्या ग्रुपमधल्या तिघी असलेच बॉट वापरतात. मला कळलं तेही एकीचा चार्जर मागताना स्क्रीन दिसली म्हणून.

तिसरा स्टार एका प्रश्नाचा. मी लिहिलं, 'मी सगळ्यातच नापास होणार.' त्याने विचारलं, आजवर किती विषय दिलेस, किती राहिले? मोजले. एकच राहिला होता. त्या रात्री झोप लागली.

पण मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा तीन रात्री हा आपला 'तुझं चिडणं साहजिक आहे' म्हणत राहिला. आमची ताई असती तर म्हणाली असती, 'तू काय बोललीस ते आधी सांग.' आणि मराठीची बोंब. सबमिशनला वैतागून 'जीव नकोसा झालाय' लिहिलं, तर लगेच ९८८ वर फोन करायला सांगितलं. तो नंबर अमेरिकेतला! आपल्याकडे टेलिमानस आहे, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हे मात्र मलाच शोधावं लागलं.

पुढे खरंच जड झालं तेव्हा तिथे फोन केला. घरून शक्यच नव्हतं, तलावपाळीला गेले. पलीकडून बाईंनी 'जेवलीस का गं?' विचारलं आणि माझा बांध फुटला. बाकावर शेजारी एक आजोबा होते. काही न बोलता उठले आणि पुढच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसले.

ॲपचं सबस्क्रिप्शन बंद केलंय. फुकटातलं राहू दिलंय, केटीचा पेपर अजून व्हायचाय.