परदेशी शिक्षणाचा फुकट सल्ला: आयईएल्ट्ससाठी जा, शिष्यवृत्तीसाठी नको

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाही. तशा पाट्या आता तिथं गल्लोगल्ली आहेत आणि तऱ्हा सगळीकडं तीच. भाची शिवाजी विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए झाली, मग एका संस्थेत दोन वर्षं नोकरी केली. आता तिला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला बाहेर जायचंय. दाजी म्हणाले, तुम्ही व्यवहारातले, तुम्हीच बघा. म्हणून मी, तिचा मामा, सोबत गेलो.

आयईएल्ट्सची, म्हणजे बाहेर शिकायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी हे लोक झकास करून घेतात. बोलण्याचा सराव घेणाऱ्या मॅडम पोरीला मध्येच थांबवायच्या, "हे पाठ केलंयस, तुझं सांग." भाचीचं वाक्यावाक्याला येणारं 'बेसिकली' तिथंच सुटलं.

शिष्यवृत्तीचं विचारलं की मात्र टेबलावर लॅमिनेट केलेला तक्ता येतो. वर ठळक 'स्कॉलरशिप', खाली विद्यापीठांची नावं, पुढं १० टक्के, २० टक्के. म्हणजे फीमधली सूट. राहणं, खाणं, विमान, व्हिसा आपलं आपण बघायचं, आणि त्यासाठी शेजारच्याच टेबलावर कर्जवाला बसलेला. मी गुळाचा अडत्या. अडत कुणाकडून कापायची यावरचे वाद मार्केट यार्डात आयुष्यभर ऐकलेत, म्हणून सरळ विचारलं, "तुमची अडत कोण देतं?" साहेब हसले. पोरगं दाखल झालं की विद्यापीठ फीवर कमिशन देतं. धंदा आहे, गैर काही नाही. पण जिथं कमिशन नाही ती वाट तक्त्यावर नसणार, हे गिऱ्हाइकानं धरून चालावं.

चेव्हनिंगचं नाव काढलं तर म्हणे, "काका, ते मोठ्यांच्या पोरांना मिळतं." ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती १९८३ पासून आहे. एक वर्षाच्या मास्टर्सची फी, दरमहा भत्ता, विमानभाडं सगळं त्यात येतं आणि अर्जाला पैसे पडत नाहीत. कामाचा २,८०० तासांचा अनुभव लागतो, तो भाचीकडं आहे. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट आहे. ताईला ती अटच सगळ्यात जास्त आवडली.

युरोपियन युनियनची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती त्यांनी ऐकलेली होती. एकाहून जास्त देशांत शिकायचं, फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो. जर्मनीतल्या लाइपझिगचा ग्लोबल स्टडीज अभ्यासक्रम त्यातलाच. पण असले अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत थेट अभ्यासक्रमाकडं जातात, आणि आम्हाला सांगितलं, "फेब्रुवारीत बसू निवांत." टाटांच्या १८९२ सालच्या एंडोमेंटचं, म्हणजे बाहेर शिकायला पैसे देणाऱ्या निधीचं, नाव मात्र तोंडावर होतं. ते फेडायचं असतं हे भाचीनं सांगितलं, त्यांनी नाही.

आणि शाहूंच्या गावात बसून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तक्त्यावर नाही, हे काही पटलं नाही. समाजकल्याण खात्याची ती योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेची सयाजीराव गायकवाडांच्या नावची आहे. दोन्हींना ७५-७५ जागा. सारथीचं उपकेंद्र तर राजाराम कॉलेजच्या आवारात, दुचाकीवरून जाऊन विचारून येण्याइतकं जवळ.

अर्जासोबतचा निबंध लिहून द्यायचं पॅकेज १५,००० रुपयांचं. नमुना बघितला, सुरुवातच 'लहानपणापासून मला जागतिक राजकारणाची ओढ होती.' कुणाला असते हो? भाचीनं स्वतः लिहिला. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, तेव्हा कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून किती पाणी सोडायचं यावर दोन राज्यं भांडत होती. दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचं काय होत असेल, हा प्रश्न तिला तिथं पडला. मॅडमनी फुकटात वाचून दोन चुका काढल्या आणि बाकीचं हात न लावता ठेवलं. ही बाई त्या दुकानात वाया चाललीय.

आयईएल्ट्सच्या बॅचला पाचात चार तारे. शिष्यवृत्तीच्या सल्ल्याला एक, तोही चहासाठी. पार्किंग नाही, संध्याकाळी सहानंतर गाडी नेऊच नका.