निवतीच्या होमस्टेचं बुकिंग आणि मॅपवरचा खोटा नंबर

आपले सोलापूरचे लोक कोकणात जायचं ठरलं की मॅपवर होमस्टे बघतात, दिसेल त्या नंबरला फोन लावतात आणि ॲडव्हान्स टाकून मोकळे होतात, म्हणून हे लिहितोय. आमचे नऊ हजार असेच गेलेत.

निवती म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातलं, परुळ्याच्या पुढचं मच्छीमारांचं गाव. मोठी हॉटेलं शोधून उपयोग नाही, घरातल्याच खोल्या काढून लोक पाहुणे ठेवतात. दाजींनी १५ ऑगस्टच्या सुट्ट्यांसाठी तसलंच एक घर हेरलं. फोटो खरे, पत्ता खरा, रिव्ह्यू पण खरे, घरमालकीण काकूंच्या सोलकढीचं लोकांनी लई कौतुक केलेलं. खोटा फक्त फोन नंबर. मॅपवर कुठल्याही जागेचा नंबर बदलायला कुणीपण सुचवू शकतं, आणि मालकानं ती जागा आपल्या नावावर व्हेरिफाय केलेली नसली की असला बदल कधीकधी तसाच चढतो, हे आम्हाला नंतर कळलं.

फोनवरचा माणूस मात्र गोड. जेवण काय, किल्ल्यावर जायची वाट कुठली, सगळं सांगायचा. जुलैमध्ये दाजींशी बोलताना म्हणे, "थांबा साहेब, आत्ताच ट्रॉलर लागलाय, सुरमई उतरवून घेतो." दाजी खूश! लाँग वीकेंड आहे, गर्दी होणार, पूर्ण पैसे आधी टाकले तरच रूम धरून ठेवतो म्हणाला. यूपीआयवर नाव भलतंच आलं, तर "भाच्याचं खातं आहे, माझ्या फोनला रेंज नसते." आता तिकडं रेंजची बोंब असते हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळं पटलं. मग व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली पावती आली, घराच्या फोटोसकट.

सांगोला, मिरज, कोल्हापूर, फोंडा घाट करत, पावसात, आईच्या उलट्या सांभाळत आम्ही संध्याकाळी पोचलो. काकू पडवीत विळीवर बांगडे साफ करत बसलेल्या. पावती दाखवली तर त्यांनी हात धुतले, आतून शाळेची दोनशेपानी वही आणली, ओल्या बोटानं पानं उलटली आणि म्हणाल्या, "माझ्या वहीत तुमचा नाव नाय हां. पैशे कोणाक दिलास?" आमच्या आधीपण लोक अशी पावती घेऊन आलेले. एकानं तर त्यांनाच चोर ठरवून अंगणात तमाशा केला होता. त्या बाईची काय चूक सांगा, तिचंच घर, तिचेच फोटो, वर शिव्यापण तिलाच.

ट्रॉलरचं ऐकून तर काका हसायलाच लागले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी सगळ्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. जुलैमध्ये कुठला ट्रॉलर आणि कसली सुरमई! कोकणातल्या पोरालापण कळलं असतं, आपल्याकडं शेंगाचटणी आणि मटणावर वाढलेल्यांना काय कळणार.

तिथनंच त्या नंबरला फोन लावला. चक्क उचलला त्यानं! म्हणे सिस्टीममध्ये बुकिंग कॅन्सल दाखवतंय, रिफंडचा क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. हे दुसरं जाळं. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपलेच जातात. ताईनं दाजींच्या हातातला फोनच काढून घेतला.

काकूंनी एक खोली दिली, सगळे तिथंच दाटीवाटीनं झोपलो. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) आणि पावतीचा स्क्रीनशॉट दिला, तक्रार नोंदली. पण आमचे पैसे जाऊन बरेच दिवस झालेले, खातं रिकामं. कुणाचे आत्ता गेले असतील तर घरात चर्चा करत बसू नका, आधी १९३० लावा, लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते.

आणि बुकिंग करताना व्हिडिओ कॉल मागा, अंगण दाखवा म्हणा, दारावरची पाटी दाखवा म्हणा. रेंज नाही म्हणाला तर रेंजमध्ये आल्यावर कर म्हणावं, आपल्याला कसली घाई? जुन्या रिव्ह्यूच्या फोटोंत पाटीवर नंबर असतो, तो झूम करून मॅपवरच्या नंबरशी ताडून बघा. काकूंच्या पाटीवर होता की, निळ्या रंगात, ठळक. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत घराची नोंद आहे का तेपण विचारा, नसली म्हणजे चोरच असं नाही, पण असली तर खात्री करता येते.

काकांच्या पोराला बसवून मॅपवरचा नंबर दुरुस्त करायला टाकलाय. तो भामटा मात्र अजून फोन उचलतो, परवा ताईनं दुसऱ्या नंबरवरनं लावून बघितला तर दिवाळीचा रेट सांगत होता.