रक्तद्रव्यातील औषध मोजताना कोणता सॉर्बंट घ्यावा?

रक्तद्रव्यातील मेटोप्रोलोलसारखे (हे रक्तदाबावरचे औषध) आम्लारिधर्मी औषध एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजायचे असेल, तर नमुना स्वच्छ करण्यासाठी कोणता सॉर्बंट, म्हणजे औषध धरून ठेवणारा पदार्थ, घ्यावा, हे आधी ठरवावे लागते. नव्या पदार्थांवरील शोधनिबंध रिकव्हरीचे, म्हणजे नमुन्यातले किती औषध परत हाती आले याचे, आकडे पुढे करतात, पण निवड त्या आकड्यांवरून करू नये. आयसीएच एम१० हे अशा मोजणीच्या पद्धती तपासण्यासाठीचे २०२२ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व रिकव्हरी शंभर टक्के असावी असा आग्रह धरत नाही. किमान सहा वेगवेगळ्या स्रोतांच्या रक्तद्रव्यांत मोजणीतली चूक १५ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, ही अट मात्र ते घालते. खरी कसोटी तीच आहे.

सी१८ सिलिका, म्हणजे अठरा कार्बनच्या साखळ्या बसवलेली सिलिका, स्वस्त आहे आणि कुठेही मिळते. मात्र मिथेनॉल आणि पाण्याने तयार केलेला थर नमुना घालण्याआधी कोरडा पडला, की रिकव्हरी घसरते. १९९६ पासून बाजारात असलेल्या डायव्हिनाइलबेंझीन व एन-व्हिनाइलपायरोलिडोनच्या पॉलिमरला ही खोड नाही. तरीही औषधाबरोबर फॉस्फोलिपिडे, म्हणजे रक्तातील फॉस्फेटयुक्त मेद, दोघांवरही चिकटतात आणि पुढे यंत्रात औषधाचे आयनीभवन दाबतात, म्हणजे त्याचा संकेत कमी करतात. त्यांच्यापासून यंत्रात तुटून निघणाऱ्या १८४ वस्तुमानाच्या आयनावर लक्ष ठेवले की ती डोळ्यांना दिसतात. त्याच पॉलिमरवर सल्फोनिक आम्लाचे गट बसवलेला मिश्र सॉर्बंट घेतला, तर आम्लात धनभारित झालेले औषध घट्ट धरले जाते, शुद्ध मिथेनॉलने बरीच घाण धुऊन काढता येते आणि शेवटी ५ टक्के अमोनिया असलेल्या मिथेनॉलने औषध उतरवता येते. आज पद्धत बसवायची असेल, तर मी डोळे झाकून हाच घेईन.

नव्यांपैकी सिलिकाचे कवच चढवलेल्या मॅग्नेटाइटच्या (चुंबकी लोह ऑक्साइडच्या) कणांकडे मी गांभीर्याने पाहतो. फ्रीझरमधून काढून वितळवलेल्या रक्तद्रव्यात फायब्रिनचे धागे असले, की कार्ट्रिज, म्हणजे सॉर्बंट भरलेली नळी, तुंबते आणि अनेक नळ्यांतून एकदम द्रव ओढणाऱ्या व्हॅक्यूम मॅनिफोल्डवर शेजारच्या नळ्या रिकाम्या होत असताना ती एकटीच भरलेली राहते. चुंबकी पद्धतीत तुंबायला थरच नसतो: काळी भुकटी नमुन्यात ढवळायची, चुंबक लावायचा, आणि औषध धरलेली ती नळीच्या भिंतीला चिकटली की पिवळसर द्रव ओढून घ्यायचा. कवच मात्र अखंड हवे, कारण उघडे मॅग्नेटाइट तीव्र आम्लात विरघळते.

एखाद्या रेणूचा साचा घेऊन त्याच्या आकाराच्या पोकळ्या ठेवून घडवलेले पॉलिमर, म्हणजे एमआयपी, नेमकेपणात सरस आहेत, पण तोच रेणू वर्षानुवर्षे मोजायचा असेल तरच त्यांचा खटाटोप परवडतो. साचा म्हणून मेटोप्रोलोलच वापरले, तर त्याचे अडकलेले अंश हळूहळू झिरपून कोऱ्या नमुन्यातही शिखर दाखवतात, म्हणून साच्याला त्याचा एखादा भाऊबंद रेणू घ्यावा.

धातूचे अणू कार्बनी रेणूंनी जोडून बनवलेल्या सच्छिद्र धातू-कार्बनी चौकटींना, म्हणजे एमओएफना, २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने प्रसिद्धी दिली आहे, पण या कामासाठी त्या सध्या दूर ठेवाव्यात. त्यांतली एमओएफ-५ ओलाव्यानेच ढासळते. पाण्यात टिकणाऱ्या यूआयओ-६६ या दुसऱ्या चौकटीत झिर्कोनियम असते, त्याला फॉस्फेटची ओढ असते आणि रक्तद्रव्य आम्लधर्मी करायला आपण बहुधा फॉस्फोरिक आम्लच वापरतो. ते बदलून फॉर्मिक आम्ल घेतले, तरी रक्तद्रव्यातील फॉस्फेट आणि फॉस्फोलिपिडे झिर्कोनियमवरच्या त्याच जागा धरतात. म्हणूनच तर फॉस्फोलिपिडे गाळून काढण्यासाठी झिर्कोनिया चढवलेली सिलिका विकली जाते.