एफ-वन बघावं की ल माँ? पीसी असेंबल करणाऱ्यांसाठी

लॅमिंग्टन रोडवर तासभर घासाघीस करून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आणि घरी आल्यावर गेमच्या आधी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायचं, अशी सवय असलेला माणूस गाड्यांच्या शर्यतींकडे वळला की बहुतेक वेळा एफ-वनपाशी थांबतो. सगळीकडे तेच दिसतं, त्यामुळे साहजिक आहे. पण शनिवार-रविवारचा वेळ मोजकाच असेल तर ‘एफ-वन की फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या ल माँसारख्या लांब पल्ल्याच्या शर्यती’ हे ठरवण्याआधी आपण हार्डवेअरवेड्यांच्या कुठल्या पठडीत बसतो ते बघावं.

एक पठडी बेंचमार्कवाल्यांची. स्कोअरचा स्क्रीनशॉट मिळाला की झालं, पुढच्या मिनिटाला मशीन हँग झालं तरी बेहत्तर. दुसरी रात्रभर स्ट्रेस टेस्ट लावून झोपणाऱ्यांची. सकाळी मशीन चालू दिसलं की यांचा दिवस चांगला जातो.

पहिल्या पठडीने खुशाल एफ-वन घ्यावं, त्यातही शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारी शनिवारची क्वालिफाइंग. एकच फेरी, सगळं पणाला, निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात. रविवारची शर्यत साधारण 305 किलोमीटरची, बहुतेकदा दोन तासांच्या आत आटोपते, म्हणजे घरच्यांची बोलणीही कमी. तंत्रही तगडं आहे. 2026च्या नियमांत विजेच्या मोटरची ताकद 120 वरून 350 किलोवॉटवर गेली. आपल्या कामाची गंमत मात्र वेगळीच आहे: इथे कम्प्युटिंगवर रेशन आहे. हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन आणि विंड टनेल किती वापरायचं याचा कोटा ठरलेला. गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या संघाला मूळ कोट्याच्या 70 टक्के, दहाव्याला 115 टक्के. सर्व्हर कितीही घ्या, चालवायला मिळणार तेवढेच.

अडचण अशी, की हे सगळं बंद दाराआड चालतं. गाडीत नेमकं काय बसवलंय ते कळू नये याचीच संघ काळजी घेतात.

दुसऱ्या पठडीसाठी ल माँ. तिथे उलट गाडीचे पार्ट्स नावानिशी ठाऊक असतात. वरच्या हायपरकार वर्गात दोन वाटा आहेत. एक, सगळं स्वतः बनवा. फेरारी आणि टोयोटा तसं करतात. दुसरी वाट आपल्या ओळखीची: डॅलारा, ओरेका, लिजिए आणि मल्टिमॅटिक या चौघांपैकी एकाकडून सांगाडा घ्या, इंजिन आणि बॉडी आपली लावा. हायब्रिडची मोटर या वाटेवरच्या सगळ्यांना बॉशचीच, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचाच. थोडक्यात, असेंबल्ड मशीन. कॅडिलॅक आणि बीएमडब्ल्यू दोघांचाही सांगाडा डॅलाराचा, पण एकात 5.5 लिटरचं टर्बो नसलेलं व्ही-8, दुसऱ्यात टर्बोवालं 4 लिटरचं. तेच कॅबिनेट, आतला ऐवज वेगळा. आवाजावरून गाडी ओळखायला शिकलात की रात्री तीन वाजतासुद्धा झोप येत नाही.

आणि बिघाड. खरी मजा तिथेच. 2016 साली टोयोटा शेवटची काही मिनिटं उरली असताना आघाडीवर होती आणि मुख्य सरळ रस्त्यावर तिचा दम गेला. जिंकली पोर्शे. कंपनीने नंतर सांगितलेलं कारण वाचून कुठलाही पीसीवाला कपाळावर हात मारील: टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीवरचा एक कनेक्टर. महागडा प्रोसेसर शाबूत आणि केबल सैल, हे दुखणं आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. याच्या उलट ऑडीची आर-8. 2000 साली गिअरबॉक्ससकट गाडीचा अख्खा मागचा भाग सुमारे पाच मिनिटांत बदलून त्यांनी ती पुन्हा शर्यतीत सोडली. बिघडणार हे गृहीत धरूनच बनवलेली गाडी.

‘पण या गाड्या हळू असतात ना?’ नाही, त्यांना नियमांनी आवरलेलं असतं. पोर्शेने शर्यतींतून निवृत्त झालेल्या आपल्या 919 गाडीला 2018 मध्ये नियमातून मोकळं केलं, ताकद साधारण 900 वरून 1160 अश्वशक्तीवर नेली आणि बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर आदल्या वर्षीच्या एफ-वन पोल पोझिशनपेक्षा, म्हणजे क्वालिफाइंगमधल्या पहिल्या नंबरापेक्षा, वेगवान फेरी मारली. ओव्हरक्लॉकिंगचा याहून देखणा नमुना माझ्या तरी बघण्यात नाही.

खटकणारी गोष्टही सांगतो. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स नावाचा प्रकार आहे. कुणाची गाडी फार पळायला लागली की आयोजक तिचं वजन वाढवतात नाहीतर ताकद कमी करतात. तुमचं कार्ड चांगलं निघालं म्हणून कुणीतरी बाहेरून त्याचा क्लॉक उतरवावा, तसं. वर संघांना त्यावर जाहीर बोलायचीही मनाई. तत्त्वाला चिकटून बसणाऱ्यांना हे पचत नाही. मला पचतं, कारण त्यामुळेच इतक्या कंपन्या मैदानात टिकतात.

मुंबईतल्या घड्याळाचं गणित सोपं आहे. ल माँ जूनच्या मध्यावर असते. तिथे दुपारी चार, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसात. तिथे उजाडतं तेव्हा इथे रविवारचे पोहे आटोपलेले असतात. 13.6 किलोमीटरची फेरी, म्हणजे चर्चगेट-वांद्र्याला थोडीशीच कमी, या गाड्या साडेतीन मिनिटांत मारतात. 2025च्या विजेत्या फेरारीने अशा 387 मारल्या. सगळं बघायची गरज नाही, कुणी बघतही नाही. पहिला तास, मधली रात्र आणि शेवटचे दोन तास बघा. एका स्क्रीनवर शर्यत, दुसऱ्यावर लाइव्ह टायमिंग. दोन मॉनिटर तुमच्याकडे असणारच.

सिम्युलेटरवर स्वतः चालवण्याचा पर्याय उरतो, पण चक्राकार स्टिअरिंग, पेडल आणि ते टेबलाला करकचून बांधायची जागा वन-बीएचकेत काढून दाखवा, मग बोलू.

माझा कौल ल माँकडे आहे. तरीही ती बघायचे पैसे भरण्याआधी जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत यूट्यूबवर फुकट बघा. पंचवीस किलोमीटरहून लांब ट्रॅक, शंभरावर गाड्या, आणि कारखान्यांच्या संघांसोबत गॅरेजवाले हौशीही. अलीकडच्या वर्षांत त्यात एक डॅशिया लोगन धावलीय. हो, तीच लोगन, जी आपल्याकडे महिंद्रा-रेनोच्या नावाने टॅक्सी म्हणून फिरायची.