फ्रिजचा भाजीचा ट्रे आणि काचेची फळी: जोडावी की बदलावी?

आधी काच, कारण तिथे निवडीला जागा नाही. फळीची काच टफन्ड (तापवून, झटकन थंड करून मजबूत केलेली) असेल, तर तडा गेल्यावर ती चिकटवता येत नाही आणि कापताही येत नाही. नवीच घ्यावी. काचवाल्याकडून करून घेताना जुन्या काचेची जाडी मोजून सांगा आणि कडा घासून, मापाला कापून मगच टफन करायला लावा. साधी काच स्वस्त पडते, पण फुटली की धारदार तुकडे होतात. ती बसवू नयेच.

भाजीच्या ट्रेचं गणित वेगळं. तो बहुधा पॉलिस्टायरिन या पारदर्शक, ठिसूळ प्लास्टिकचा असतो. चीर 5-7 सेंमीपर्यंत आणि उभ्या भिंतीत असेल तर जोडणं परवडतं. ट्रे धुऊन पूर्ण वाळवा. चिरेच्या टोकाला 2 मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. बाहेरून बारीक पॉलिश पेपर घासा, दोन भागांचं इपॉक्सी (दोन ट्यूबमधलं मिसळून लावायचं चिकटद्रव्य) लावा आणि 24 तास फ्रिजबाहेर ठेवा. थंडीत ते नीट घट्ट होत नाही. नुसतं झटपट चिकटणारं गोंद लावलं तर जोड कडक होतो आणि ट्रे ओढताना पुन्हा उकलतो.

सरकपट्टी, मूठ किंवा पुढचा कोपरा तुटला असेल तर मात्र नवा ट्रे घ्या. सगळा भार तिथेच येतो. मागवताना फ्रिज किती लिटरचा आहे एवढं सांगून भागत नाही. फ्रिजच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्या.