चकवा की पांदण : अनटिल डॉन, द क्वॉरी आणि हाउस ऑफ ॲशेस

रात्री वावरातून परतताना चकवा लागला, की माणूस चालत राहतो, वळणे घेत राहतो आणि तासाभराने पुन्हा त्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्याच बोरीपाशी येऊन उभा राहतो, असे आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडची जुनी माणसे सांगतात. ज्या भयगेममध्ये कथा पुढे कशी सरकावी हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते, त्यांची पारख करताना मला हेच माप सर्वांत उपयोगी पडत आले आहे. गेम तुमच्यापुढे दोन वाटा ठेवतो आणि निर्णयासाठी चार-पाच क्षण देतो. त्या वाटा खरोखर दोन ठिकाणी जातात, की फिरून एकाच धुऱ्यावर येतात, एवढेच पाहायचे. पोचल्या तर ती पांदण, म्हणजे शेतातून जाणारी खरी वाट, नाहीतर चकवा.

टीव्हीला जोडून गेम खेळायचे प्लेस्टेशन ४ किंवा बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घरात आहे, पैसे एकाच गेमपुरते आहेत आणि ‘अनटिल डॉन’, ‘द क्वॉरी’ व ‘हाउस ऑफ ॲशेस’ यांपैकी कोणता घ्यावा हे ठरत नाही, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. तिन्ही गेम इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या सुपरमॅसिव्ह गेम्स या एकाच स्टुडिओचे आहेत, त्यामुळे ट्रेलर पाहून त्यांच्यात फरक करणे कठीण जाते. अंधारात अडकलेली माणसे, संवादाच्या ऐन मध्ये येणारी निवड, पळताना क्षणात दाबावे लागणारे बटण, आणि एखादे पात्र मेले तरी त्याला वगळून पुढे चालू राहणारी कथा, एवढे तिन्हींत सारखे आहे. खरा फरक कथेतली कलाटणी आणि खेळणाऱ्याची निवड यांचे एकमेकांशी कसे जमते, यात आहे.

या दोन गोष्टी मुळातच एकमेकींना ओढणाऱ्या आहेत. कलाटणी लेखकाने आधीच ठरवलेली असते. डोंगरात किंवा जंगलात नेमके काय दडले आहे, हे मी कोणतेही बटण दाबले तरी बदलत नाही. मग माझ्या हातात उरते ते हे, की कोण जगेल, कोण कोणावर विश्वास ठेवील आणि सत्य कळेपर्यंत माणसांची आपसांत काय गत झालेली असेल. कलाटणी आल्यावर आपले जुने निर्णय जड वाटू लागले तर लेखकाने काम चोख केले असे मी मानतो, आणि ते निर्णय फुकट गेल्यासारखे वाटले तर आपल्याला चकवा लागला असे समजतो.

‘अनटिल डॉन’ २०१५ साली प्लेस्टेशन ४ साठी आला. बर्फाळ डोंगरावरच्या एका बंगल्यात मित्रांच्या थट्टेमुळे जुळ्या बहिणी बाहेर पळतात आणि नाहीशा होतात. वर्षभराने तेच मित्र पुन्हा त्याच डोंगरावर जमतात. आठ पात्रे आळीपाळीने आपल्या हाती येतात आणि पहाट होईपर्यंत त्यांना जगवायचे असते. हा गेम आपल्या निवडीच्या पद्धतीला फुलपाखराचे नाव देतो, म्हणजे लहानशी कृती पुढे मोठा परिणाम घडवते, आणि त्याचा दाखलाही लवकरच देतो. नेमबाजीचा सराव चालू असताना समोर एक खार येते. तिच्यावर गोळी झाडली, की थोड्याच वेळात एक पक्षी झेपावतो आणि सोबतच्या मुलीच्या कपाळावर जखम होते. खार सोडून दिली, तर काहीच होत नाही. पुढच्या दहाएक तासांत बोट कुठे आवरायचे, हे तेवढ्या प्रसंगाने मनावर ठसते. अधूनमधून एक मानसोपचारतज्ज्ञ थेट आपल्याकडे पाहून आपल्याला कशाची भीती वाटते ते विचारतो आणि त्या उत्तरांचा गेम पुढे उपयोग करून घेतो. तो नेमका कोणाशी बोलतो आहे, हा या कथेतला एक सुंदर उलगडा आहे आणि तो मी सांगणार नाही.

एक प्रसंग मात्र फोडल्यावाचून माझे म्हणणे पटवता येत नाही. ज्यांना काहीच आधी कळू नये असे वाटते, त्यांनी हा एक परिच्छेद सोडावा. ख्रिस नावाच्या मुलाला आणि त्याला मनातून आवडणाऱ्या ॲश्लीला एकमेकांसमोर खुर्च्यांना जखडलेले असते, वरून फिरती पाती खाली येत असतात आणि ख्रिसच्या हाताशी पिस्तूल असते. दोघांपैकी एकानेच वाचायचे, असे त्याला बजावले जाते. आपण काहीही निवडले तरी गोळीने कोणी मरत नाही, कारण पिस्तुलात खरी गोळीच नसते. इथवर पाहिले तर हा शुद्ध चकवा आहे. मात्र पुढच्याच प्रकरणात ख्रिस जीव मुठीत धरून बंगल्याकडे धावत येतो, मागे मृत्यू असतो आणि दाराआड ॲश्ली उभी असते. त्याने मघाशी पिस्तूल तिच्यावर रोखून चाप ओढला असेल, तर ती काचेतून त्याच्याकडे पाहते आणि दार उघडत नाही. खोटी गोळी तिच्या मनात खरी लागलेली असते. त्याआधीही एक निवड अशी आहे, की जिचा निकाल आपण काहीही केले तरी एकच लागतो. पहिल्यांदा तिथे मला फसवल्यासारखे वाटले होते, पण उलगडा झाल्यावर कळले, की तो निकाल कथेतल्याच एका पात्राने आधी ठरवून ठेवला होता आणि चकवा लावणारा पडद्याच्या आतच उभा होता. कलाटणी आणि निवड यांची इतकी घट्ट वीण मला या स्टुडिओच्या इतर कोणत्याही गेममध्ये आढळलेली नाही.

याच गेममध्ये न हलण्याचे प्रसंग आहेत. पडद्यावर पांढरी रेघ उजळते आणि हातातला कंट्रोलर जराही न हलवता धरायचा असतो, कारण आतला सेन्सर हाताची थरथर ओळखतो. गेल्या दिवाळीत आमच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, माझा मामेभाऊ खेळत होता. त्याने दोन्ही कोपरे मांडीवर टेकवले, श्वास रोखला, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर कुत्रे भुंकले. त्याचा अंगठा दचकला आणि चार तास जपलेले पात्र गेले. पुढच्या वेळी त्याने कंट्रोलर शेजारच्या धानाच्या पोत्यावर अलगद ठेवून दिला आणि सहज पार झाला. युक्ती चालते, पण मी तुम्हाला ती सुचवणार नाही. स्वतःच्या हाताचा भरवसा नसणे हीच त्या प्रसंगातली खरी भीती आहे.

२०२४ साली याच गेमची नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ आणि कॉम्प्युटरसाठी निघाली. चित्र अधिक देखणे झाले आणि शेवटाला काही भर पडली, पण जुन्या आवृत्तीत कॅमेरा कोपऱ्यात दबा धरून पाहत असल्यासारखा स्थिर असायचा, तो बहुतांश ठिकाणी पात्राच्या पाठीमागे आला. मला जुनी मांडणी अधिक भयप्रद वाटते. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ४ आहे, त्यांनी जुन्या आवृत्तीचीच डिस्क शोधावी.

‘द क्वॉरी’ २०२२ चा, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटर या तिन्हींवर मिळणारा. उन्हाळी शिबिर संपलेले आहे, शिबिर चालवणाऱ्या तरुणांना त्या रात्री तिथे थांबायचे नाही, पण थांबावे लागते. नऊ पात्रे खेळता येतात आणि शेवट १८६ प्रकारचे आहेत, असे निर्मात्यांनी जाहीर केले होते. हा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. आरंभीच जेकब नावाचा मुलगा आणखी एक रात्र मैत्रिणीच्या सहवासात काढता यावी म्हणून गाडीत बिघाड करतो. बिघाड कसा करायचा एवढे आपल्याला विचारले जाते, करायचा की नाही हे विचारले जात नाही. कथा तिथे घडायची असल्यामुळे गाडी बंद पडणे भाग आहे, हे मला मान्य आहे, परंतु या गेममध्ये अशा जागा अधिक आहेत. त्या असंख्य शेवटांतला पुष्कळसा फरक कोण जगले आणि कोण मेले यांच्या जुळण्यांतून येतो, आणि इतक्या रात्रीनंतरची अखेर श्रेयनामावलीवर चालणाऱ्या एका ध्वनिकार्यक्रमातल्या (पॉडकास्टमधल्या) चर्चेवर सोपवली आहे. मला ती फार तोकडी वाटली. जगवलेल्या माणसांची सकाळ पाहण्याचा हक्क खेळणाऱ्याने कमावलेला असतो.

कलाटणीच्या बाबतीत मात्र ‘द क्वॉरी’ने एक धाडस केले आहे आणि ते साधले आहे. प्रस्तावनेत भेटलेली दोन माणसे कथेतून नाहीशी होतात आणि सातव्या प्रकरणात गेम आपल्याला मागे नेऊन त्यांचे काय झाले ते दाखवतो. तोवर ज्यांना आपण शत्रू समजून पळत होतो, त्यांच्याकडे पाहण्याची नजर तिथे बदलते, आणि हाती बंदूक असताना चाप ओढावा की थांबावे, हा नंतरचा प्रत्येक निर्णय त्यामुळे अवघड होतो. मेलेले पात्र परत आणण्यासाठी यात तीन संधी देण्याचीही सोय आहे. साध्या आवृत्तीत ती एकदा गेम संपवल्यावर उघडते, महाग आवृत्तीत पहिल्यापासून मिळते. केवळ या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या खेळात चूक पुसता येते हे ठाऊक असले, की हात कापत नाही.

‘हाउस ऑफ ॲशेस’ २०२१ चा असून ‘द डार्क पिक्चर्स’ या मालिकेतला तिसरा गेम आहे. मालिकेतली प्रत्येक कथा स्वतंत्र आहे, तेव्हा आधीचे दोन खेळलेच पाहिजेत असे नाही. काळ २००३ चा, ठिकाण इराक. अमेरिकी सैनिकांची तुकडी आणि इराकी सैनिक यांच्यात चकमक होते, जमीन खचते आणि दोन्ही बाजूंची माणसे अक्कड या मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, प्राचीन साम्राज्याच्या नरम-सिन राजाच्या काळातल्या, भूमीखाली गाडल्या गेलेल्या मंदिरात जाऊन पडतात. नरम-सिन हा खरा राजा, ते साम्राज्य उभारणाऱ्या सार्गोनचा नातू. त्याच्यामुळे अक्कडला शाप लागला अशी प्राचीन मेसोपोटेमियातली रचना उपलब्ध आहे, आणि गेमने तो धागा घेतला आहे. पाच पात्रांपैकी सलीम हा इराकी अधिकारी आहे. या लेखातल्या सगळ्या पात्रांत मला त्याचीच सर्वाधिक काळजी वाटली. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे आपण सहज बोलून जातो. इथे ते खरोखर आचरायचे असते, आणि भाषा, गणवेश व राग आड येत असताना हात पुढे करायचा की नाही हे आपण ठरवायचे असते. शेवटी होणारा उलगडा पुष्कळांना भलतीकडेच गेल्यासारखा वाटेल. मलाही तो पहिल्यांदा पचायला जड गेला. तरीही त्याने आपला एकही निर्णय फुकट ठरत नाही, कारण निर्णय होते ते माणसांबद्दलचे, आणि त्यांचा हिशेब शेवटच्या प्रसंगात चुकता होतो.

याच मालिकेतल्या २०२० च्या ‘लिटल होप’शी तुलना केली, की मुद्दा अधिक उघड होतो. त्याचे वातावरण उत्तम आहे, परंतु अखेरचा उलगडा असा आहे, की रात्रभर जपलेल्या माणसांना आपण नेमके कशासाठी जपले, असा प्रश्न पडतो. तोच मला सर्वांत लांबचा चकवा वाटतो. २०१९ चा ‘मॅन ऑफ मेडान’ जहाजावरचा आणि चार-पाच तासांत आटोपणारा आहे. सवलतीत मिळाला तर घ्यावा.

आता बसण्याच्या पद्धतीविषयी. खेड्यात असा गेम एकटा कोणी खेळत नाही. पडदा लागला की शेजारची चार पोरे येऊन बसतातच. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, मंडई नावाच्या जत्रेच्या दिवसांत रात्रभर नाटक चालते, प्रेक्षक नायकाला ओरडून सावध करतात, पण नायक ऐकत नाही. ‘हाउस ऑफ ॲशेस’मध्ये पाच जणांपर्यंत नावे नोंदवून एकेक पात्र वाटून घेता येते आणि एकच कंट्रोलर हातोहात फिरवायचा असतो, इथे ओरडणाऱ्याचे ऐकले जाते आणि ऐकल्याचे परिणामही भोगावे लागतात. पात्र आपल्या वाट्याचे असले, की शेजाऱ्याच्या पात्राला वाचवावे की स्वतःचे जपावे, हा प्रश्न छपरीत प्रत्यक्ष उभा राहतो. ‘द क्वॉरी’तही पात्रे वाटून खेळण्याची सोय आहे, पण दहा तासांची कथा एका बैठकीत होत नाही आणि दुसऱ्या रात्री मंडळी तीच जमतील याची खात्री नसते. ‘हाउस ऑफ ॲशेस’ सहाएक तासांत होतो. ‘अनटिल डॉन’मध्ये अशी वाटणी नाही, तो एकट्याचा गेम आहे आणि घोळक्यात खेळला तर त्यातली शांतता मोडते.

मराठी उपशीर्षके तिन्हींत नाहीत. इंग्रजी वाचून अर्थ लागेपर्यंत निवडीची वेळ सरते, हा आमच्याकडचा नेहमीचा अनुभव आहे, आणि ‘हाउस ऑफ ॲशेस’मध्ये न बोलणे हीसुद्धा निवडच धरली जाते. आम्ही एकाला मोठ्याने वाचायला बसवतो. बटणे दाबण्याची अडचण त्या मानाने सोपी आहे : ‘हाउस ऑफ ॲशेस’मध्ये काठिण्याची पायरी कमी करता येते, ‘द क्वॉरी’मध्येही हे प्रसंग सौम्य करून घेता येतात. तिन्ही गेम प्रौढांसाठीच आहेत, रक्तपात उघड दाखवलेला आहे, तेव्हा लहान मुले झोपल्यावरच पडदा लावावा.

‘द क्वॉरी’ कॉम्प्युटरवर उतरवायचा तर सुमारे ५० जीबी जागा आणि तेवढाच डेटा लागतो; मोबाइलच्या नेटवर हे अनेक रात्रींचे काम आहे. प्लेस्टेशन ४ असेल, तर नागपूरकडून येणाऱ्या कोणाकडून तरी जुनी डिस्क मागवणे सोयीचे पडते. विजेचाही विचार आधी करावा. ‘अनटिल डॉन’ आपल्या नोंदी स्वतःच ठेवतो आणि कथा चालू असताना मागे जाऊन निर्णय बदलू देत नाही. ऐन प्रसंगात वीज गेली, की तो प्रसंग जपला गेला की नाही हे वीज आल्यावरच कळते. आमच्याकडे एकदा दाराशी उभ्या असलेल्या ॲश्लीच्या प्रसंगातच अंधार झाला होता, आणि तिने दार उघडले की नाही हे कळायला आम्हाला पहाटेचे चार वाजेपर्यंत कंदिलाशेजारी बसून राहावे लागले.

एकट्याने, कानांवर हेडफोन चढवून आणि दोन-तीन रात्री देऊन खेळणार असाल, तर ‘अनटिल डॉन’ घ्या. चार मित्र ठरलेले असतील आणि रात्र एकच असेल, तर ‘हाउस ऑफ ॲशेस’ घ्या आणि सलीम कोणाच्या वाट्याला जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘द क्वॉरी’चा क्रम माझ्या मते या दोन्हींनंतर लागतो.